गिरणीवाले भाऊ आणि टेम्पोवाल्याच्या मुली

गिरणी चालू असताना रांगेतलं कुणी मूर्खासारखं बोललं, की भाऊ आधी हात लांब करून बटण बंद करत. पट्टा फडफडत थांबायचा, जातं घरघरत गप्प व्हायचं. मग भुवयांवरचं पीठ मनगटाने पुसत भाऊ त्या माणसाकडे वळत आणि म्हणत, "पुन्हा सांगा. ऐकू आलं नाही."

तुम्हीही अशा रांगांत उभे राहिला असाल. गिरणीच्या आवाजाच्या आडोशाने माणूस किती काय काय बोलून घेतो, ते तुम्हाला ठाऊक असेल. तेच वाक्य शांततेत पुन्हा उच्चारायची हिंमत फार थोड्यांत असते. पुण्याहून येऊन आमच्याकडे समुद्र दिसणारा बंगला बांधलेले एक निवृत्त साहेब एकदा शेजारच्याला सांगत होते, की कोकणातला माणूस मुळातच आळशी. भाऊंनी बटण बंद केलं. "पुन्हा सांगा. मागच्या बायकांना ऐकू आलं नाही." साहेबांनी मागे पाहिलं. नाचणीचे डबे घेऊन सकाळपासून उभ्या असलेल्या बायका त्यांच्याकडे पाहत होत्या. साहेबांना एकदम फोन आला. त्यानंतर त्यांचं दळण घरगड्याच्या हाती येऊ लागलं.

भाऊ बी.एस्सी. झालेले होते. बँकेतली नोकरी त्यांनी वर्षभरात सोडली होती. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "तिथे बटण नव्हतं." मग वडिलांची गिरणी चालवायला बसले ते कायमचे. माझं घर गिरणीच्या समोर. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. भाऊ मला वहिनी म्हणत, आणि माझ्या नवऱ्याला अजिबात मोजत नसत.

त्यांच्या तिरकसपणाला घरात एक तोड होती, ती म्हणजे त्यांची बायको. आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो. भाऊंनी गिऱ्हाइकाला फार सोललं, की ती आतून नुसतं "अहो," म्हणायची. तेवढ्याने बटण पुन्हा चालू व्हायचं.

ती काकी माहेरी देवरूखला गेली होती. परत येताना हायवेवर एस.टी.तून उतरली आणि रस्ता ओलांडायच्या आतच तिला टेम्पोने उडवलं. टेम्पोवाला भर दुपारी प्यायलेला होता. तो परका कुणी नव्हता. आमच्याच गल्लीच्या उताराखाली, चाळीत राहणारा. त्याच्या दारूला कंटाळून बायको आधीच निघून गेली होती. घरी म्हातारी आई आणि दोन मुली. पोलिसांनी त्याला नेलं, खटला चालला, शिक्षा झाली.

काकी गेल्यानंतर लोक सांत्वनाला येऊ लागले. आमच्या गावाला दुसऱ्याच्या दुःखाची गोडी फार, हापूसच्या खालोखाल. येणारा माणूस गिरणीच्या दारात उभा राहून आवाज कातर करायचा आणि "फार चांगल्या होत्या हो" असं सुरू करायचा. भाऊ बटण दाबायचे. जातं फिरायला लागायचं. आत दळायला काही नसलं तरी फिरायचं. पाहुण्याचे ओठ थोडा वेळ हलत राहायचे, मग तो नमस्कार करून निघून जायचा. मी समोरच्या खिडकीतून हे पाहत होते. रिकामं जातं असं फिरवल्याने झिजतं, हे भाऊंना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

आता आमच्या समितीबद्दल सांगायला हवं. शहरातल्या काही सुखवस्तू मंडळींनी मिळून ती काढली होती. ज्यांचे आईबाप तुरुंगात आहेत अशा मुलांना आधार द्यायचा, हा उद्देश. उद्देशात काही खोट नव्हती. अशा मुलांकडे खरोखरच कुणी पाहत नाही. बापाला शिक्षा कोर्ट देतं, पोरांना देण्याचं काम गल्ली करते. पण आमच्या अध्यक्षीणबाईंना आधार द्यायच्या आधी तो दिसायला हवा असे. त्या आंब्याच्या मोठ्या बागायतदारांच्या सूनबाई. डोळ्यांत पाणी आणायची त्यांना उत्तम सवय होती, आणि फोटोग्राफर येईपर्यंत ते धरून ठेवायचीसुद्धा. माझं अक्षर बरं म्हणून मला सहचिटणीस केलं होतं. सहचिटणीस म्हणजे चहा सांगणारी.

समितीला पहिल्याच वर्षी टेम्पोवाल्याच्या मुली सापडल्या. थोरली सानिका, तेव्हा सातवीत. धाकटी तनू, पहिलीत. कार्यक्रम झाला, दोघींना स्टेजवर बोलावून दप्तरं दिली. पाहुण्यांनी तनूचा गालगुच्चा घेतला. आणि मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रिक्षा स्टँडच्या वर, मोठा फ्लेक्स लागला. दोन्ही बाजूंना समितीचे सगळे चेहरे, मधे त्या दोन मुली आणि खाली ओळ: "बाप तुरुंगात, लेकी आमच्या काळजात." यमक अध्यक्षीणबाईंनी स्वतः जुळवलं होतं. एका स्थानिक पेपरातही फोटो आला.

काळजात जागा मिळाल्याबरोबर मुलींची शाळेतली जागा गेली. तोवर वर्गातल्या अर्ध्या मुलांना काही माहीत नव्हतं, आता सगळ्यांना कळलं. सानिकाच्या बाकावर बसायला कुणी तयार होईना. मधल्या सुट्टीत पोरं तोंडाने हॉर्न वाजवत तिच्या अंगावर धावत येत. ती शाळेत जायची थांबली. तनूही ताईशिवाय जाईना.

त्या मुलींचं दळण तोवर दूरच्या गिरणीत जात असे. आजी स्वतः ओझं घेऊन जायची. भाऊंच्या दारात यायचं तोंड कुठलं असणार? पण आजीचे गुडघे गेले, आणि एक दिवस सानिका तांदळाची पिशवी घेऊन भाऊंच्याच रांगेत येऊन उभी राहिली. मी तिच्यामागे दोन बायका सोडून उभी होते. मधल्या एका बाईने पदर सावरून अंतर घेतलं आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गो, काकीला मारलान् आणि पोर हितंच दळायला येते. लाज नाय."

बटण बंद झालं.

"पुन्हा सांगा," भाऊ म्हणाले. "ऐकू आलं नाही."

बाई डब्याचं झाकण घट्ट बसवू लागली. भाऊंनी सानिकाच्या हातातून पिशवी घेतली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यावर माया वगैरे काही नव्हती. होता तो राग, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना समजत नव्हतं.

"आज शाळा नाही?"

"जात नाही," सानिका जमिनीकडे पाहत म्हणाली.

"का?"

"फोटो आला म्हणून."

"कसला फोटो?"

तिने गल्लीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. भाऊ दारात आले, वाकून त्या फ्लेक्सकडे पाहिलं. काकी गेल्यापासून ते गल्लीबाहेर क्वचितच जात, त्यामुळे तो त्यांनी पाहिलाच नव्हता. मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमची पुढची सभा कधी आहे?"

सभेला ते कामावरच्याच कपड्यांत आले, केसांत पीठ, बनियनवर पीठ. कोण आलंय हे कळताच अध्यक्षीणबाई उठून उभ्या राहिल्या. टेम्पोखाली मेलेल्या बाईचा नवरा टेम्पोवाल्याच्या मुलींसाठी आला आहे, याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होत होता. त्यांचे डोळे भरून आले.

"भाऊ, तुम्ही माफ केलंत," त्या म्हणाल्या. दोघांतिघांनी टाळ्याही वाजवल्या.

"पुन्हा सांगा," भाऊ म्हणाले.

बाई जरा गोंधळल्या. "म्हणजे, तुम्ही मोठ्या मनाने..."

"मी कुणाला माफ केलेलं नाही. तो आत कुजून मेला तरी मला घास कडू लागणार नाही. मी एवढंच सांगायला आलो, की तो फ्लेक्स उतरवा. पोरींना शाळेत जायचंय."

खजिनदार म्हणाले, "पण फोटोमुळेच समाजात जाणीव होते ना."

"मग तुमच्या मुलांचा लावा," भाऊ म्हणाले. "मुलगा दोनदा नापास झालाय तुमचा. समाजाला जाणीव होऊ दे."

ठराव करून फ्लेक्स उतरवायचं ठरलं. ठराव पुढच्या सभेत कायम व्हायचा होता. भाऊ तेवढं थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबे उतरवायची काठी घेऊन, तिला कोयती बांधून, त्यांनी तो खाली ओढला. मधला मुलींचा चौकोन कापला, गुंडाळी केली आणि आजीला नेऊन दिली. उरलेला भाग गिरणीत अंथरला, पिशव्यांना ओल लागू नये म्हणून. त्यानंतर कितीतरी महिने आम्ही दळणाच्या रांगेत अध्यक्षीणबाई, खजिनदार आणि इतर मान्यवरांच्या चेहऱ्यांवर उभ्या राहत होतो. मीही त्यात होते. माझ्या कपाळावर ज्वारीची पोती असत.

फ्लेक्स गेला म्हणून शाळा सुरू होत नाही. त्यासाठी गल्ली लागते, आणि गल्लीला हलवायची भाऊंची एकच रीत होती, अपमान. शाळेच्या रिक्षावाल्याने मुलींना न्यायचं नाकारलं होतं, इतर पालक कुरकुरतात म्हणून. भाऊंनी त्याला दळण देताना विचारलं, "दोन पोरी बसल्या तर तुझी रिक्षा तुरुंगात जाते काय रे?" तो म्हणाला, पालक नाही म्हणतात. "कुठला पालक? नाव सांग, मी गिरणी बंद करून विचारतो." नाव काही निघालं नाही. मुली रिक्षात बसल्या. रांगेत लाज काढणाऱ्या त्याच बाईला त्यांनी सांगितलं, की म्हातारीचे हात थरथरतात, पोरींच्या वेण्या नीट होत नाहीत, आणि तुम्हाला तर दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते बघायची आवड आहे. बाई आठवडाभर फणकारली. मग रोज सकाळी वेण्या घालायला लागली. पुढे पुढे तर तिने दुसऱ्या कुणाला त्या घालू दिल्या नाहीत. दारावर मासे घेऊन येणारी चाळीच्या पायरीवर थोडे बांगडे ठेवू लागली. कुणी काही बोललं की म्हणायची, "गिरणीत जाऊन बोल."

गणित भाऊ स्वतः घ्यायचे. शाळा सुटली की सानिका गिरणीच्या मागच्या खोलीत येऊन बसायची, तनू तिच्या बाजूला. शिकवण्यात गोडवा औषधालाही नव्हता. "हे उत्तर तू काढलंस की स्वप्नात आलं?" असं चालायचं. मी एकदा म्हटलं, भाऊ, जरा प्रेमाने सांगा. ते म्हणाले, "प्रेमाने सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांचे चेहरे आहेत बघा, पोत्यांखाली."

तनू लहान होती, तिला भीड नव्हती. एक दिवस पाटीवर पाढे लिहिता लिहिता तिने विचारलं, "भाऊकाका, तुम्हाला आमच्या बाबांचा राग येतो?"

"येतो," भाऊ म्हणाले.

"खूप?"

"खूप."

"आणि आमचा?"

"तुझ्या अक्षराचा येतो. तो सात आहे की कोयती?"

तनू खिदळली आणि सात पुसून पुन्हा काढला. सानिका मात्र वहीवर मान खाली घालून बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने पान उलटलं. मला वाटतं, त्या दिवसापासून ती त्यांना घाबरेनाशी झाली. राग आहे असं सरळ सांगणारा तो तिला भेटलेला पहिलाच मोठा माणूस होता. बाकी सगळे हसत बोलत, आणि मग बाकावरून उठून जात.

भाऊंचा मुलगा डोंबिवलीला असतो. त्याला हे कुणीतरी कळवलं. फोनवर तो ओरडत असावा, कारण भाऊंनी फोन कानापासून लांब धरला होता. "आईला मारणाऱ्याच्या पोरी," एवढं मलाही ऐकू आलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "टेम्पो त्यांनी चालवला नव्हता." मग फोन पुन्हा कानाशी नेला. "आई तुझी होती, तशी माझी बायको होती. मला शिकवू नकोस." मुलगा त्या गणपतीला आला नाही. भाऊंनी मोदकाची पिठी दळली, सगळ्या गल्लीला दिली. त्यांच्या घरी मात्र त्या वर्षी मोदक झाले नाहीत.

मुलींना बापाला भेटायचं होतं. आजीला चालवत नव्हतं, आणि लहान मुलांना मोठं माणूस बरोबर लागतं. मी तयार झाले. निघायच्या वेळी पाहिलं तर भाऊ रिक्षात आधीच बसलेले. जेलच्या बाहेर झाड होतं, त्याखाली ते दरवाज्याकडे पाठ करून बसले. आत बापाची भेट झाली. तो माणूस वाळला होता. मुलींना बघून नुसता रडत राहिला. तनूने त्याला पाढे म्हणून दाखवले. निघताना त्याने मला विचारलं, "कोणाबरोबर आलात?"

मी सांगितलं.

त्याने गज घट्ट धरले. "बाहेर बसलेत? त्यांना माझा एक निरोप..."

मी बाहेर आले आणि भाऊंना म्हटलं, "त्याने निरोप दिलाय."

"नको."

"ऐकून तर घ्या, भाऊ."

"वहिनी, मी पोरी आणतो आणि पोरी नेतो. निरोप नेत नाही." ते उठून रिक्षाकडे चालू लागले. परतताना तनू त्यांच्या मांडीवर झोपली. ते गुडघा न हलवता बसले होते आणि सारा वेळ रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहत होते. पुढे दर भेटीला तेच. तीच जागा, तशीच पाठ.

गावाला मात्र माफीच हवी होती. माफ केलं की विषय मिटतो, सगळ्यांना घरी जाऊन जेवता येतं. राग मनात ठेवून कुणाच्या पोरींना सांभाळणारा माणूस आमच्या लोकांच्या डोक्यात बसेना. अध्यक्षीणबाईंनी त्यांना न विचारता सत्कार जाहीर केला, 'क्षमामूर्ती' अशी उपाधी शोधली आणि दोन पत्रकारांना घेऊन स्वतः गिरणीवर आल्या. दारात पाय टाकला तो नेमका स्वतःच्या गालावर. त्यांनी खाली पाहिलं. पत्रकारांनीही पाहिलं. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या. बाई सत्काराविषयी बोलू लागल्या तेव्हा भाऊंनी बटण बंद केलं नाही. उलट वरच्या पेटीत आणखी एक डबा ओतला. बाईंची शाल पिठाने पांढरी झाली तशा त्या निघाल्या. पुढच्या वर्षी समितीने तुरुंग सोडून वृक्षारोपण घेतलं. झाडं तक्रार करत नाहीत.

सानिकाची दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात बाप सुटून आला. पहिल्याच सकाळी तो गिरणीच्या दारात उभा राहिला. रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. भाऊंनी बटण बंद केलं आणि बाहेर आले. तो त्यांच्या पायांकडे वाकायला लागला.

"सरळ उभा राहा," भाऊ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "थोरलीचं गणित कच्चं नाही, घाई कच्ची आहे. तिला पुढे शिकव. धाकटीचा कान पावसात दुखतो, तिला डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय सोडू नको. म्हातारीला आता चालवत नाही. आणि प्यायलास तर मला कळेल."

तो रडत होता. "भाऊ, मी काय बोलू..."

"काही बोलू नको. आणि इथे पुन्हा येऊ नको. मला तुझं तोंड बघवत नाही. मुली आल्या तर येऊ देत."

तो मागे सरला. भाऊ आत गेले, पण गिरणी लगेच सुरू झाली नाही. मी खिडकीतून पाहिलं, ते भिंतीला हात टेकून उभे होते.

बापाला लांज्याला काजूच्या कारखान्यात काम मिळालं. आजी आणि मुलींना घेऊन तो तिकडे गेला. तो पुन्हा प्यायला नाही, असं सगळे सांगतात. सानिका पुढे देवरूखच्या कॉलेजात गेली. सुट्टीत मुली गिरणीवर यायच्या, भाऊ त्यांना तिरकं बोलायचे, त्या हसायच्या. भाऊंचं मागच्या खोलीत जाणं मात्र कमी झालं. तिथे पोती ठेवायला लागले.

गेल्या मार्गशीर्षात भाऊ गेले. जेवायला बसले होते, तिथेच कलंडले. मुलगा डोंबिवलीहून आला, सगळं केलं, गिरणीला कुलूप लावलं. गल्लीच्या तोंडाशी शाळेचा हॉल आहे, तिथे शोकसभा झाली. अध्यक्षीणबाईंनाही बोलवावं लागलं, नाहीतरी त्या आल्याच असत्या. त्यांनी माईक हातात घेतला, डोळे टिपले आणि म्हणाल्या, की पत्नीच्या मारेकऱ्याला ज्यांनी उदार अंतःकरणाने क्षमा केली, असा महात्मा आपल्या गल्लीत होऊन गेला.

मागच्या रांगेतून सानिका उभी राहिली. ती मोठी झाली होती, बऱ्याच जणांनी तिला ओळखलं नाही.

"भाऊकाकांनी माझ्या बाबांना माफ केलं नव्हतं," ती म्हणाली. "लांज्याला जाताना मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, नाही केलं आणि करणारही नाही. माफ न करताच त्यांनी आम्हाला सांभाळलं. तुम्ही तसंच सांगा."

ती खाली बसली. पहिल्या रांगेत भाऊंचा मुलगा बसला होता. तो मागे वळून तिच्याकडे पाहत राहिला. मग उठला, मागे गेला आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला.

सभा संपल्यावर मी बाहेर आले. रस्त्याच्या पलीकडे, रिक्षा स्टँडपाशी बाप उभा होता. मुलींना घेऊन आला असावा. अलीकडे यायला त्याला कोण अडवणार होतं? तरी तो आला नाही. तनू धावत त्याच्याकडे गेली, काहीतरी म्हणाली, त्याचा हात ओढून बघितला. त्याने मान हलवली. लांज्याची गाडी येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला, चपला काढून, गल्लीतल्या गिरणीच्या बंद दाराकडे तोंड करून.